आयव्हरसनचे ४२ टक्के खरे आहेत, पण हिशोब तिथे संपत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात काका-पुतण्याचं जुंपलंय. पुतण्या अकरावीत, सगळे आकडे तोंडपाठ, त्याचं म्हणणं फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हरसनला २००१ चा एमव्हीपी, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब, दिला हा शुद्ध घोळ होता, माणूस ४२ टक्क्यांनी शूट करतो, थ्री पॉइंटर ३२ टक्के, आणि डिफेन्स म्हणाल तर नुसत्या स्टील्स, म्हणजे समोरच्याचा बॉल पळवणं. काका म्हणतात तू तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हतास, आम्ही बघितलंय, एकट्याने टीम ओढत फायनलला नेली. आणि शेवटी काकांनी विचारलंय की पुतण्या स्वतः लहान चणीचा गार्ड आहे, तर त्याने आयव्हरसनचे व्हिडिओ बघून काही शिकावं का नको.

मी पुण्यात बरीच वर्षं पोरापोरींना बास्केटबॉल शिकवतोय, त्याआधी गार्ड म्हणून खेळलो, उंची पाच फूट सात, त्यामुळे आयव्हरसनबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी पकडायला नको. पण मॅचला स्कोअरशीटच्या बाजूला स्वतःची वेगळी वही घेऊन बसायची खोडही मला आहे, आणि त्या वहीने माझी बरीच लाडकी मतं मोडून काढलीयत. माझं मत असं की पुतण्याचे आकडे बरोबर आहेत, काकांचं मत जवळपास बरोबर आहे, फक्त दोघांनीही कारणं चुकीची धरलीत.

आधी ते ४२ टक्के घेऊ. फील्ड गोल टक्केवारी, म्हणजे मारलेल्या शॉटपैकी किती पडले, हा मुळात लंगडा आकडा आहे. तिच्या लेखी तीन पॉइंटचा शॉट आणि दोन पॉइंटचा शॉट सारखाच, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका पॉइंटचे मोकळे शॉट, तर तिच्या गावीच नाहीत. जो माणूस सामन्याला दहा फ्री थ्रो मारतो त्याला या आकड्याने मोजणं म्हणजे दुकानाचा धंदा फक्त रोखीच्या गल्ल्यावरून सांगणं, उधारी-वसुलीची वही उघडायचीच नाही. २०००-०१ च्या सीझनला आयव्हरसन ७१ सामने खेळला, १८१३ शॉट मारले, ७६२ पडले, त्यातले ९८ थ्री पॉइंटर. फ्री थ्रो ७१९ मिळाले, ५८५ टाकले. एकूण २२०७ पॉइंट, सामन्याला ३१.१, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

आता ट्रू शूटिंग, म्हणजे थ्री आणि फ्री थ्रोही धरणारी टक्केवारी, काढायचं तर फ्री थ्रोला ०.४४ ने गुणायचं, कारण प्रत्येक दोन फ्री थ्रो म्हणजे एक आख्खं पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात असण्याची एक पाळी, असं नसतं, बास्केट होऊन वर एक फ्री थ्रो मिळतो, टेक्निकलचा मिळतो, कधी थ्रीवर फाउल होऊन तीन मिळतात, त्या सगळ्याची सरासरी मारून तो आकडा बसवलाय. ७१९ गुणिले ०.४४ म्हणजे साधारण ३१६. ते १८१३ मध्ये मिळवा, २१२९ झाले. त्याची दुप्पट करा आणि २२०७ ला त्याने भागा. उत्तर येतं ५१.८ टक्के. पुतण्याला म्हणावं मोबाइल बाजूला ठेव आणि हे एकदा हाताने करून बघ, फॉर्म्युला हाताखालून गेला की कळतो.

आता गंमत बघा, त्या सीझनला आख्ख्या लीगची सरासरी किती होती? ५१.८. म्हणजे आयव्हरसन बरोब्बर सरासरीवर होता, एक दशांशही इकडे नाही की तिकडे नाही. पुतण्याला तो आकडा लाजिरवाणा वाटतो कारण तो आजच्या एनबीएशी तुलना करतोय, जिथे लीगची सरासरीच ५८ च्या आसपास गेलीय. त्या वेळचा खेळच वेगळा होता हो. टीमची सरासरी ९५ पॉइंटच्याही आत होती. बाहेर गार्डच्या कमरेला हात लावून त्याला वळवायचं, म्हणजे हँड चेकिंग, हे बऱ्यापैकी चालून जायचं, २००४ नंतर रेफरींनी ते कडक केलं. थ्री पॉइंटर आजच्या मानाने अगदी कमी, त्यामुळे रिंगजवळ कायम गर्दी, आणि त्या गर्दीत सहा फुटी, पंचाहत्तर किलोचा माणूस सामन्याला ४२ मिनिटं घुसत होता. सहा फूट हेही कागदावर.

पण "सरासरी" म्हटलं की काका चिडणार, सरासरी माणसाला कुणी एमव्हीपी देतं का म्हणून. इथेच खरा मुद्दा आहे. सरासरी दर आणि सरासरी काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा तो २१२९ चा आकडा ७१ सामन्यांत वाटला तर सामन्याला ३० येतात. म्हणजे हा माणूस रोज रात्री ३० वेळा टीमचं पझेशन शॉटने किंवा फ्री थ्रोने संपवत होता. आणि तेवढं करून टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच बॉल गमावणं, सव्वातीनच्या आसपास, जे ट्रू शूटिंगमध्ये दिसतच नाहीत. बॉल एवढा वेळ हातात असून इतके कमी वेळा गमावणं ही स्वतंत्र कमाई आहे, तिला आकड्यांच्या चर्चेत कुणी विचारत नाही.

पुतण्याच्या बाजूने आता मीच बोलतो. त्याच सीझनला लॉस एंजेलिस लेकर्सचा धिप्पाड सेंटर शाकिल ओनील काय करत होता? सामन्याला २८.७ पॉइंट, ५७.२ टक्के शूटिंग, फ्री थ्रो भयंकर, ५१.३ टक्के, आणि ते फ्री थ्रो धरूनसुद्धा ट्रू शूटिंग ५७.४. त्याचीही तशीच बेरीज केली तर सामन्याला २५ संधी येतात. शाकच्या दराने आयव्हरसनच्या ३० संधी कुणी वापरल्या असत्या तर साडेचौतीस पॉइंट झाले असते, म्हणजे आयव्हरसनपेक्षा सव्वातीन-साडेतीन जास्त. वर शाकला रिंगखाली टाळायला समोरची टीम आपली आख्खी रचना बदलायची. माझ्या हातात मत असतं तर मी शाकला दिलं असतं, आणि हे मी आयव्हरसनचा चाहता म्हणून सांगतोय. प्रत्यक्षात शाक तिसरा आला, टिम डंकन दुसरा. तेव्हा "सर्वात चांगला खेळाडू कोण" एवढाच प्रश्न असेल तर पुतण्या जिंकला, वाद संपला, वरण गरम आहे तोवर जेवून घ्या.

पण "आयव्हरसन नसता तर त्या टीमचं काय झालं असतं" हा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो, कारण कोचला रोज हाच प्रश्न सोडवायचा असतो. माझ्याकडे शाक नाहीये. माझ्याकडे जे बारा आहेत त्यांच्यात हा शॉट कुणी मारायचा?

फिलाडेल्फियाच्या त्या टीमकडे बघा. आयव्हरसन ३१, आणि त्याच्यानंतर कुणाचीही सरासरी १३ पर्यंतसुद्धा नाही. एरिक स्नो, ॲरन मकी, जॉर्ज लिंच, टायरोन हिल, मागे आधी थिओ रॅटलिफ आणि फेब्रुवारीत रॅटलिफच्या मनगटाला लागल्यावर अटलांटाकडून आणलेला डिकेंबे मुटोंबो. सगळे धट्टेकट्टे, सगळे डिफेन्सचे, आणि बाहेरून शॉट म्हणाल तर एकाच्याही बाबतीत समोरच्या कोचची झोप उडत नव्हती. कोच लॅरी ब्राउनने आधीच स्नोला पॉइंट गार्ड करून आयव्हरसनला शूटिंग गार्डला सरकवलं होतं, की बॉल आणायचं काम त्याच्या डोक्यावर नको, त्याने फक्त पळून, स्क्रीनवरून, म्हणजे आपल्याच माणसाने आडवं उभं राहून केलेल्या आडोशावरून, सुटून, मारायचं.

त्या टीमचा एक टिपिकल पझेशन डोळ्यासमोर आणा. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायच्या मुदतीतले, नऊ सेकंद उरलेत. स्नोकडे बॉल, विंगवर, आणि त्याचा मार्कर त्याच्यापासून चांगला लांब, जवळजवळ रिंगखालीच उभा, मार बाबा तुला मारायचा तर. स्नो मारत नाही. हिलला देतो, हिल पाठ करून उभा, जागा नाही, परत बाहेर. सहा सेकंद. आता बॉल आयव्हरसनकडे, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, कारण मैदानावरच्या दहाही जणांना आणि वरच्या प्रेक्षकांना माहितीय की आता काय होणार. एक हिसका, अर्धं पाऊल मिळतं, हात चेहऱ्यावर असताना अठरा फुटांवरून उडी मारून शॉट. पडला तर पडला. नाही पडला तर ती चूक कुणाच्या नावावर? आयव्हरसनच्या. स्नोच्या टक्केवारीला ओरखडाही नाही, हिलच्याही नाही. टीमची उधारी आयव्हरसनच्या खात्यावर चढत होती, आणि वर्षाच्या शेवटी आपण खातं उघडून म्हणतो की अरेरे, हा माणूस फार उधळ्या.

जरा आकड्यात बघू. समजा त्याने सामन्याला ३० ऐवजी २० संधी घेतल्या आणि १० बाकीच्यांना दिल्या, आणि त्या लोकांनी स्वतःहून शॉट तयार करायच्या अशा अवघड संधी ४५ टक्के ट्रू शूटिंगने वापरल्या, हा माझा अंदाज आहे, कुठल्या टेबलातला आकडा नाही, आणि मला तर तो उदारच वाटतो. तर ९ पॉइंट मिळतात. आयव्हरसन त्याच दहात सरासरीने १०.४ काढत होता. फरक १.४. दिसायला चिल्लर. पण ती टीम सीझनभर सामन्याला सरासरी चारेक पॉइंटनी जिंकत होती आणि तेवढ्यावर ५६ सामने जिंकले, त्यामुळे दीड पॉइंट ही चिल्लर नाही, नफ्याचा तिसरा हिस्सा आहे. उलट बाजूने हेही खरं की २० च संधी घेतल्या असत्या तर त्या २० त्याच्या चांगल्यातल्या असत्या आणि त्याचा स्वतःचा दर वर गेला असता. म्हणून हा हिशोब कुणी दशांशापर्यंत ठणकावून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. दिशा तेवढी घ्या.

अजून एक गोष्ट टक्केवारीत येत नाही आणि ती बघितल्याशिवाय कळत नाही. आयव्हरसन आत घुसला की रिंगखालचा मोठा माणूस त्याच्या अंगावर यायचा, येणं भागच होतं. त्याने लेअप, म्हणजे रिंगजवळचा शॉट, उंच टाकला आणि हुकला, तरी हिल किंवा मुटोंबोला बॉक्सआउट करायला, म्हणजे अंगाने अडवायला, तिथे कुणी उरलेलंच नसायचं, रिबाउंड घेऊन वरच्या वर परत टाकायचा. स्कोअरशीटवर काय लागतं? आयव्हरसन, एक मिस. मुटोंबो, एक रिबाउंड, एक बास्केट, शंभर टक्के. मी वहीत अशा मिसला वेगळी खूण करतो, गोलात फुली. आमच्यात एकदा एका पोराच्या बापाने येऊन मुलाच्या फुल्या मोजल्या आणि म्हणाला सर तुम्ही याला जास्त खेळवता, त्याला त्या गोलांचा अर्थ समजवायला मला चहाचे दोन कप लागले.

आणि फ्री थ्रोंचा डिफेन्सशी संबंध असतो हे तर फारच कमी लोक बोलतात. फ्री थ्रो पडला की तुमची टीम आरामात मागे जाऊन उभी राहते, समोरच्याला फास्ट ब्रेक मिळत नाही. लांबचा शॉट हुकून बॉल उसळला की नेमकं उलटं. सामन्याला दहा फ्री थ्रो काढणारा गार्ड म्हणजे तुमच्या डिफेन्सला श्वास घ्यायची जागा देणारा गार्ड. शिवाय समोरच्यांचे फाउल भरतात ते वेगळंच.

आता डिफेन्स. इथे काका फार हळवे होतात आणि इथेच मी त्यांना थांबवणार आहे.

त्या सीझनला आयव्हरसन स्टील्समध्ये लीगमध्ये पहिला होता, सामन्याला अडीच. पुढची दोन वर्षंही पहिला. तरीही आख्ख्या करिअरमध्ये एकदाही ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या यादीत, आला नाही, पहिल्यातही नाही, दुसऱ्यातही नाही. ती टीम तेव्हा लीगचे कोच निवडायचे, आणि कोच लोकांना स्टील्स दिसत नव्हत्या असं तर नाही. २००१ ला गार्डच्या पहिल्या दोन जागा गॅरी पेटन आणि जेसन किडला गेल्या. का? दोघंही बॉलवाल्यासमोर उभे राहायचे. आयव्हरसनची शैली वेगळी होती, तो आपला माणूस अर्धा सोडून पासच्या वाटेवर नजर लावून बसायचा, आणि पाय इतके जलद की पास सुटल्यावर निघूनसुद्धा मधेच पोचायचा. पोचला की समोर मोकळं मैदान आणि लेअप. नाही पोचला तर त्याचा माणूस मोकळा, मागच्याला हेल्पला यावं लागतं, त्याचा माणूस मोकळा, आणि शेवटी कोपऱ्यात कुणीतरी तिसराच निवांत शॉट मारतो. बघणाऱ्यांच्या लेखी ती बास्केट त्या तिसऱ्याच्या मार्करच्या माथी.

माझ्या अठरा वर्षांखालच्या टीममध्ये अशी एक मुलगी होती, हात विजेसारखे. प्रत्येक मॅचला टाळ्या. मी वहीत तिच्यासाठी तीन रकाने पाडले, "नेला", "हात लागला", "फसला". पहिल्या मॅचनंतर वही तिच्यासमोर ठेवली, काही बोललो नाही. ती बराच वेळ तिसऱ्या रकान्याकडे बघत बसली, मग म्हणाली, सर हे एवढे झाले? हो, एवढे झाले, टाळ्या पहिल्या रकान्याला मिळतात म्हणून तुला तोच आठवतो. मधला रकाना पण महत्त्वाचा बरं का, हात लागून बॉल बाहेर गेला तरी समोरच्यांचा प्ले मोडतो, क्लॉकचे चार-पाच सेकंद जातात, आणि बॉक्स स्कोअरमध्ये त्याचं काहीच येत नाही. आयव्हरसनचा हा मधला रकाना भरगच्च असणार याबद्दल मला तरी शंका नाही, बॉल आणणाऱ्या गार्डला तो पूर्ण मैदानभर छळायचा.

म्हणजे डिफेंडर म्हणून वाईट होता का? नाही. कॉलेजात जॉर्जटाउनला असताना दोन्ही वर्षं बिग ईस्टचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू होता, त्यामुळे येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण एनबीएत शरीर आडवं येतं. मोठा गार्ड त्याला पाठीवर घेऊन रिंगखाली गेला की तो काही करू शकत नव्हता, स्क्रीन लागली की अंगाने तोडून जाणं जमत नव्हतं, आणि ऑफेन्सला एवढा धावल्यावर बॉलच्या विरुद्ध बाजूला असताना तो कधीकधी उभा राहून नुसता बघायचा, ते टेपवर दिसतं, नाकारण्यात अर्थ नाही. ब्राउनने केलं काय, समोरचा मोठा गार्ड स्नो किंवा मकीने घ्यायचा आणि आयव्हरसनने लहान पॉइंट गार्ड घ्यायचा. आणि मागे रॅटलिफ, नंतर मुटोंबो. मुटोंबो त्या वर्षीचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. मागे असा माणूस उभा असताना समोर जुगार खेळणं वेगळं आणि मागे कुणी नसताना खेळणं वेगळं. फसला तरी समोरच्याला जायचं कुठे होतं? त्या लांबलचक हाताखालीच.

म्हणून मी म्हणतो की त्या टीमचा डिफेन्स आयव्हरसनमुळे चांगला नव्हता, पण आयव्हरसनमुळे शक्य होता, आणि या दोन वाक्यांतला फरक काका-पुतण्या दोघांनाही दिसत नाहीये. स्नो, लिंच, हिल, मुटोंबो हे चौघं एकाच वेळी मैदानावर ठेवायची चैन कोण करू शकतो? कुठल्याही दुसऱ्या टीममध्ये कोचला दोघांना बसवून शूटर आणावे लागले असते, आणि शूटर आले की डिफेन्स पातळ झाला. इथे एकच माणूस सरासरी दराने का होईना पण तीस संधी एकटा उचलत होता, म्हणून उरलेल्या चार जागा निव्वळ डिफेन्ससाठी मोकळ्या झाल्या. स्वतःच्या हाताने नाही, पण स्वतःच्या शॉटने त्याने टीमसाठी डिफेन्स विकत आणला. ऑफेन्स लीगमध्ये मधोमध, डिफेन्स पहिल्या पाचात, सामने ५६. आणि त्यांनीही त्याचं ओझं उलट बाजूने उचललं, त्याचे फसलेले जुगार झाकले. लोकांनी पण ते ओळखलं असावं, त्या वर्षी एमव्हीपीबरोबर मुटोंबोला डिफेन्सचं, मकीला सिक्स्थ मॅनचं, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचं, आणि ब्राउनला कोचचं बक्षीस मिळालं. त्यामुळे काकांचं ते "एकट्याने ओढली" हे मला मान्य नाही. ओढली, पण गाडीला चाकं होती.

फायनलची पहिली मॅच लॉस एंजेलिसला, लेकर्स त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, तोपर्यंत एकही हरले नव्हते. आयव्हरसन ४८ पॉइंट, ४१ पैकी १८. पुतण्या ४४ टक्के म्हणून नाक मुरडणार. तीन थ्री आणि नऊपैकी नऊ फ्री थ्रो धरा, ट्रू शूटिंग ५३.४, म्हणजे लीगच्या सरासरीच्या वर, फायनलला, तेवढ्या ओझ्यासकट. मधे लेकर्सनी टायरन लू नावाचा त्याच्याच उंचीचा चपळ गार्ड त्याच्यामागे सोडला आणि बराच वेळ त्याने आयव्हरसनला खरंच जेरीला आणलं, बॉल हातात येऊच द्यायचा नाही एवढंच काम. ओव्हरटाइममध्ये त्याच लूसमोर कोपऱ्यातून शॉट टाकून आयव्हरसन त्याला ओलांडून गेला तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, पण त्या फोटोमुळे बिचाऱ्या लूने केलेलं काम पुसलं गेलं. सिक्सर्स, म्हणजे फिलाडेल्फिया, १०७-१०१ ने जिंकले. आणि त्याच मॅचमध्ये डिफेन्सचा सर्वोत्तम खेळाडू मुटोंबो समोर असताना शाकने ४४ पॉइंट आणि २० रिबाउंड घेतले. मग काय, मुटोंबो फसवा? अजिबात नाही. त्याने शाकला एकट्याने झेलला म्हणून बाकीचे चौघं आपापल्या माणसाला चिकटून राहू शकले, कोबी ब्रायंट २२ पैकी ७ वर अडकला. एकाच्या अंगावर झालेले पॉइंट मोजून डिफेन्सची किंमत ठरवायची नसते ते यासाठी. पुढच्या चारही मॅच मात्र लेकर्सनी घेतल्या.

पुतण्याला अजून एक पत्ता हवा असेल तर मीच देतो. त्या आख्ख्या प्लेऑफमध्ये आयव्हरसन २२ सामने खेळला, सरासरी ३२.९, पण शूटिंग ३८.९ टक्के. हे सरासरीच्या खाली आहे आणि याला मी कुठलीही मखलाशी लावणार नाही. अंग मोडलेलं होतं, समोरचे रोज दोन-दोन माणसं पाठवत होते, हे सगळं खरं, तरी टोरांटो आणि मिलवॉकी या दोन्ही सिरीज सातव्या मॅचपर्यंत ताणल्या गेल्या त्याला हेही एक कारण आहे. टोरांटोविरुद्ध एका मॅचला ५४, एकाला ५२, आणि मधल्या मॅचेसमध्ये वीट मारल्यासारखे शॉट. असा माणूस टीमची उंच लाट पण असतो आणि ओहोटी पण, नि कोचला दोन्ही सोसाव्या लागतात.

आणि ज्यांना वाटतं की टक्केवारी सुधारली की किंमत वाढली, त्यांच्यासाठी डेन्व्हर. २००६ च्या डिसेंबरात तो तिकडे गेला. २००७-०८ ला ८२ च्या ८२ सामने खेळला, २६.४ पॉइंट, शूटिंग ४५.८, ट्रू शूटिंग ५६.७, म्हणजे एमव्हीपी वर्षापेक्षा जवळपास पाच टक्के वर. शेजारी कार्मेलो अँथनी होता, त्यामुळे शेवटच्या सहा सेकंदांतली ती उधारी आता त्याच्या खात्यावर चढत नव्हती, आणि हँड चेकिंगही बंद झालेलं. मग टीम? ५० विजय, वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात, आठवी, पहिल्याच फेरीत लेकर्सकडून ४-० ने बाहेर. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला त्याला डेट्रॉइटला देऊन चॉन्सी बिलअप्सला आणलं. बिलअप्स पॉइंट कमी करायचा, पण मोठ्या गार्डला अंगावर घ्यायचा, बॉल सोडल्यावर पण बाहेरून शॉटचा धाक राहायचा, आणि तीच टीम ५४ जिंकून वेस्टच्या फायनलपर्यंत गेली. सगळं श्रेय त्या एका अदलाबदलीला देणं भाबडेपणा होईल, तरी एवढं नक्की दिसतं की डेन्व्हरमध्ये पॉइंट काढणारे आधीच होते, आयव्हरसन जे विकत होता त्याची तिथे टंचाई नव्हती, आणि त्याचा डिफेन्स झाकायला मकी-स्नोसारखी माणसं नव्हती. चांगल्या दराने तोच माणूस कमी कामाचा ठरला. फिलाडेल्फियात सरासरी दराने लाखमोलाचा होता.

आता पुतण्याच्या स्वतःच्या खेळाबद्दल. व्हिडिओ बघू दे की, का नाही. पण हायलाइट्स नकोत, त्यात हुकलेले शॉट कापलेले असतात आणि फसलेले हात तर नसतातच. त्या पहिल्या फायनलची आख्खी मॅच लावा, आणि पहिला क्वार्टर त्याला सांगा आयव्हरसनकडे बॉल असेल तेव्हा बघायचंच नाही. बॉल नसताना तो किती पळतो, स्क्रीनच्या कुठल्या बाजूने निघतो, निघायच्या आधी मार्करला उलट्या दिशेला कसं एक पाऊल टाकायला लावतो, तेवढंच बघायचं. दुसऱ्या क्वार्टरला स्नोचे पाय. लहान गार्डला खरं उपयोगी ते स्नोकडेच आहे, आणि त्याला कुणी पोस्टरवर लावत नाही. वही घेऊन बसवा, तीन रकाने पाडा. क्रॉसओव्हर, म्हणजे बॉल झटकन एका हातातून दुसऱ्यात टाकून चकवणं, तो तसाही आरशासमोर करतच असणार, तुम्ही नाही म्हणालात तरी, तेव्हा त्याबद्दल भांडू नका. फक्त डाव्या हाताने रिंगखाली लेअप संपवता येतो का ते मला कळवा, येत नसेल तर तिथून सुरू करू.